प्रत आणि प्रतवारी

बडोद्याहून उत्तरेस निघाले म्हणजे छाणी लागते. पूर्वी हे वेगळे गाव होते. पुढे शहराने त्यास पोटात घेतले आणि आता नवे रहिवासी त्यास बडोद्याचे एक उपनगर एवढेच समजतात. जैन समाजात मात्र या गावाचे नाव आदराने घेतले जाते. येथील मंदिरे, येथून दीक्षा घेऊन निघालेले अनेक साधुसाध्वी, आणि विशेषतः येथील ग्रंथभांडार ही त्याची कारणे होत. छाणीच्या भांडारातील म्हणून विद्वानांत प्रसिद्ध असलेली 'ओघनिर्युक्ती' आदी ग्रंथांची ताडपत्री पोथी विक्रम संवत 1218 ची, म्हणजे इसवी सन 1161 ची आहे. तिच्यातील सोळा विद्यादेवींची, सरस्वतीची व अंबिकेची चित्रे पश्चिम भारताच्या चित्रकलेच्या इतिहासात मोलाची मानली जातात, डॉ. मोतीचंद्र यांनी 1949 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे विवेचन केले आहे. आम्ही छाणीस राहतो ते कोर्टकचेरीच्या सोयीसाठी. पोथीच्या दर्शनाचे भाग्य आम्हांस अद्याप लाभलेले नाही. तथापि ती आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर जपली गेली, ही जाणीव संध्याकाळी रस्त्याने फिरताना मनास सुखावते, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

अशा पोथ्यांच्या अखेरीस लेखक पुष्पिका लिहीत असे. कोणत्या साली, कोणत्या तिथीस, कोणत्या गावी, कोणासाठी आणि कोणाच्या हातून ही पोथी लिहिली गेली, याची ती नोंद. पुष्कळदा तीत लेखकाची एक नम्र विनवणीही असते: जसे पुढ्यात होते तसे उतरविले, चुकले असल्यास दोष आम्हांस देऊ नये. आम्हां वकिलांस ही विनवणी फार ओळखीची वाटते. नकलनवीस जेव्हा 'असल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारून खाली सही करतो, तेव्हा तोही याहून निराळे काही सांगत नाही. त्याची हमी नकलेपुरती असते. असल कागदात खोटे लिहिले असेल, तर त्याचा जाब त्यास विचारता येत नाही.

आपल्या भाषेत 'प्रत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पोथीची नक्कल ती प्रत; आणि तांदूळ, कापूस किंवा सोने कोणत्या दर्जाचे हे ज्यावरून ठरते तीही प्रत. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले याची व्युत्पत्ती शोधण्याचे काम आमचे नव्हे. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जो एक छोटासा खटला चालला, त्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे गुंतले की त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

फिर्यादी होता आमचा भाचा. वय वर्षे वीस, शिक्षण अभियांत्रिकीचे, आणि वेड जुन्या चित्रपटांचे. सुट्टीत तो छाणीस आला तो तक्रार घेऊनच. विकिपीडिया या नावाने सर्व जगास परिचित असलेला जो सामूहिक ज्ञानकोश आहे, त्याच्या इंग्रजी आवृत्तीसाठी आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या बोलपटावर एक विस्तृत मसुदा त्याने तयार केला होता. असा मसुदा आधी सरावाच्या पानावर लिहितात. मराठी विकिपीडियाने त्या पानास 'धूळपाटी' असे मोठे रसिक नाव दिले आहे. एका अनुभवी संपादकास त्याने मसुदा दाखविला. त्यांनी अभिप्राय दिला तो असा की, सध्याच्या स्वरूपात हा लेख खालून दुसऱ्या पायरीच्या वर जाणार नाही. 'मामा, हो खंयचो न्याय?' असे म्हणून भाच्याने आपला संगणक आमच्या पुढ्यात ठेवला. साने गुरुजींच्या कथेवरचा चित्रपट, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला कथापट, आणि त्यास खालची प्रत! याविरुद्ध अपील कोठे करावयाचे, हा त्याचा प्रश्न होता.

अपिलापूर्वी कायदा पाहणे हा आमचा नेम. तो पाहता पुढील गोष्टी कळल्या.

विकिपीडिया 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झाला. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, ही त्याची रीत. प्रारंभीच्या वर्षांत उत्तम लेखांची जी यादी तेथे ठेवीत, तिचे नाव 'ब्रिलियंट प्रोज', म्हणजे तेजस्वी गद्य, असे होते. अर्थात कसोटी होती ती लेखणीच्या झळाळीची. पुढे हे नाव मागे पडून 'फीचर्ड आर्टिकल' हे नाव आले, आणि हळूहळू प्रत्येक विधानास तळटीप मागण्याची शिस्त आली. आमच्या मते या कोशाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा पालट होय. परंतु तो कोणा एका दिवशी, कोणा एकाच्या हुकमाने घडला नसल्यामुळे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. 2004 च्या सुमारास काही मंडळींनी विचार मांडला की, निवडक लेखांची एक स्थिर आवृत्ती तबकडीवर किंवा कागदावर काढावी. निवड करावयाची तर प्रतवारी हवी. त्यातून पायऱ्यांची शिडी तयार झाली. सर्वांत खाली 'स्टब', म्हणजे नुसता खुंट, त्यावर 'स्टार्ट', मग 'सी' आणि 'बी', पुढे 'गुड', 'ए' आणि सर्वांत वर 'फीचर्ड'. यातील 'सी' ही पायरी मागाहून, 2008 साली, बसविली गेली. खालच्या पायऱ्या कोणीही जाणता संपादक देऊ शकतो. 'गुड' या पायरीसाठी ज्याने लेखास हात लावलेला नाही अशा एका परीक्षकाने तो तपासावा लागतो. 'फीचर्ड'साठी अनेकांनी उघडपणे चिकित्सा करून एकमत व्हावे लागते. चित्रपटांचे लेख पाहणारा संपादकांचा एक स्वतंत्र गट आहे आणि त्याचे स्वतःचे नियम आहेत. कथानक 400 ते 700 शब्दांत आटोपावे, असा त्यांतील एक. आमच्या भाच्याने त्यास बाराशे शब्द दिले होते, आणि त्यातही श्यामच्या पोहण्याच्या प्रसंगास तीनशे.

येथवर फिर्यादीची बाजू लंगडी दिसत होती. पण प्रतवारी कशाची होते हे त्याच्या ध्यानात आलेले नव्हते, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर आमच्याही नव्हते. ती चित्रपटाची नव्हे. अगदी सामान्य करमणुकीच्या परदेशी पटावरील लेख सर्वोच्च पायरीस पोहोचलेला आढळतो, आणि ज्याने एका पिढीच्या डोळ्यांस पाणी आणले त्या पटावरील लेख खुंटावस्थेत राहतो. ती लेखकाच्या विद्वत्तेचीही नव्हे. तेथे प्रत लागते ती पुराव्याच्या मांडणीला. वाचकाने एखाद्या विधानावर बोट ठेवून 'हे कशावरून?' असे विचारले, तर त्यास नेमके उत्तर देणारा ग्रंथ, पान, वर्ष हाती लागते की नाही, एवढेच मुख्यतः तेथे पाहिले जाते. बाकीच्या अटी, भाषा नीट असावी, बाजू समतोल असावी, लेखात रोज भांडणे चालू नसावीत, या त्यामागून येतात.

2015 पासून हे काम करणारे एक यंत्रही निघाले. लेखात मथळे किती, तळटिपा किती, दुवे किती, असे मोजून ते प्रतीचा अंदाज वर्तवी. आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारकून दाव्याची फाईल हातात तोलून 'हा दावा दहा वर्षे जाईल' असे सांगत आणि पुष्कळदा बरोबर ठरत, त्याची आम्हांस आठवण झाली. पण कागदाचे वजन म्हणजे कागदाचा अर्थ नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते.

आता ज्या मुद्द्यावर आम्ही स्वतः अडखळलो तो सांगतो. न्यायालयात असल दस्तऐवज हा प्राथमिक पुरावा. त्याची नक्कल हा दुय्यम पुरावा, आणि असल हाती असता नक्कल चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे हे तत्त्व, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते राखले आहे. ज्ञानकोशात सारे उलट! तेथे असल कागद, पत्र, रोजनिशी, प्रत्यक्षदर्शीचे तोंडी निवेदन, यांवर स्वतःचा निष्कर्ष उभारण्यास मनाई. कोणा इतिहासकाराने किंवा वृत्तपत्राने ते पाहून, पारखून, छापून प्रसिद्ध केले असेल तर ते ग्राह्य. प्रथमदर्शनी हा नियम आम्हांस हास्यास्पद वाटला. दोन दिवस विचार केल्यावर त्यातील मर्म उमगले. न्यायालयात असल दस्तऐवज वाचणारा न्यायाधीश असतो, आणि दस्तऐवज सिद्ध करणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी होते. ज्ञानकोशात लिहिणारा टोपणनावाने लिहितो. तो कोण, त्याची पात्रता काय, त्याचा हितसंबंध कोठे, हे कोणासच माहीत नसते. त्यास पिंजऱ्यात उभे करता येत नाही. ज्याची उलटतपासणी शक्य नाही, त्याच्या अर्थनिर्णयावर विसंबावयाचे नाही, तर ज्याने आपले नाव व सही देऊन जबाबदारी पत्करली आहे त्याच्यावर विसंबावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्याकडील जुने कोश या बाबतीत नेमके उलट्या पायावर उभे होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1920 च्या दशकात ज्ञानकोशाचे तेवीस खंड महाराष्ट्राच्या हाती ठेवले, तेव्हा वाचकाने त्यांवर विश्वास ठेवला तो केतकरांच्या नावामुळे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस ज्या मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि ज्याचा पहिला खंड 1976 मध्ये बाहेर पडला, त्यातील नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव येते. आमच्या बडोद्यासही या परंपरेत स्थान आहे. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' 1936 ते 1949 या काळात येथेच सिद्ध झाला. या साऱ्यांत नाव हीच हमी. नव्या कोशात नाव नाही, म्हणून तळटीप ही हमी. कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादात आम्ही पडत नाही. परंतु नाव असलेल्या कोशातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत वाट पाहते आणि पुढील आवृत्ती निघतेच असे नाही, हा अनुभव मराठी वाचकास नवा नाही.

तथापि तळटीप म्हणजे सत्य असे समजणाराही फसतो. बडोद्यापुरते एक उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके (1870 ते 1944) तरुणपणी बडोद्यास शिकले, ही आम्हां बडोदेकरांस अभिमानाची गोष्ट. त्यांच्या चरित्राच्या पुष्कळ संक्षिप्त टिपणांत असे आढळते की, ते 1886 मध्ये थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास आले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेतील कलाभवनात दाखल झाले आणि 1890 साली त्यांनी चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. या एका वाक्याची उलटतपासणी घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले ते 1949 साली. तेथील ललितकला शाखा त्यानंतर, 1950 ची. फाळके तोवर निवर्तलेही होते. कलाभवन काढले प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली, जून 1890 मध्ये. मग त्याच साली तेथील अनेक महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा होतो कसा? शिवाय कलाभवनाची परंपरा पुढे चालली ती विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत. म्हणजे एका ओळीत तीन ठिकाणी काळाची गफलत. बहुधा कोणीतरी सोयीसाठी जुन्या संस्थेच्या नावापुढे आजचे नाव लिहिले, पुढच्याने ते जसे पुढ्यात होते तसे उतरविले, आणि त्यापुढच्याने त्यास तळटीप जोडली. तळटीप खरी असते. तिने दाखविलेल्या पानावर ते वाक्य खरोखरच असते. पुष्पिकेतील लेखकाप्रमाणे तीही नकलेचीच हमी देते.

फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा पट पाहून स्वदेशी पटाचा संकल्प केला, त्या प्रसंगाचेही असेच. कोठे तो 1910 च्या नाताळातला म्हणून दिलेला असतो, कोठे 1911 च्या ईस्टरमधला. दोन्हींस छापील आधार आहेत. अशा वेळी चांगल्या लेखकाने दोन्ही मते साधार द्यावीत. एक निवडून दुसरे दडपणारा लेख वरच्या पायरीवर टिकू नये, असा नियमाचा आशय आहे.

याहून गहन प्रकरण 'राजा हरिश्चंद्र'चे. 21 एप्रिल 1913 रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला, एवढे निर्विवाद आहे. तत्पूर्वी एक वर्ष, 18 मे 1912 रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखविला गेला. तोरणे मालवणकडचे, म्हणून आमच्या कोकणी वाचकांस या वादात विशेष रस असतो. चालू नाटकाचे चित्रण, परदेशी छायालेखक, आणि फितीची रासायनिक प्रक्रिया लंडनमध्ये, या कारणांनी त्यास पहिल्या भारतीय कथापटाचा मान पुष्कळांनी नाकारला. इतरांस ही कारणे अपुरी वाटतात. आमचा कौल विचाराल तर, 'पहिला' या शब्दाची व्याख्या आधी लिहून घेतल्याशिवाय आम्ही या दाव्यात वकीलपत्र घेणार नाही. पण हे झाले तारखांचे. खरी अडचण पुढे आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली. आणि ती 1913 च्या पटाची नसून फाळक्यांनी तोच विषय 1917 मध्ये पुन्हा चित्रित केला त्याची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या चित्रपटावर लेख लिहावयाचा, त्याची हाती असलेली प्रत त्याचीच आहे किंवा कसे, हेच वादग्रस्त!

येथे आम्हांस पोथ्यांचा विचार पुन्हा सुचतो. 1914 मध्ये सयाजीराव महाराजांनी चिमणलाल दलाल यांस पाटणच्या भांडारांची पाहणी करण्यास पाठविले. 1916 पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली आणि तिचे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची 'काव्यमीमांसा' प्रसिद्ध झाली. पुढे बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात कांडांत पुरी केली. या कामात सुंदर अक्षराच्या पोथीस अधिक गुण मिळाले नाहीत. केवळ जुनी म्हणूनही पोथी पहिली ठरली नाही. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणत्या पाठास किती स्वतंत्र साक्षी आहेत, हे ताडून प्रतवारी लागली. शंभर पोथ्या एकाच चुकीच्या पोथीच्या नकला असतील, तर त्या शंभर साक्षी नव्हेत, एकच. फाळक्यांच्या 'विद्यापीठा'चे वाक्य शंभर ठिकाणी सापडते याचाही अर्थ एवढाच.

मात्र पोथी आणि चित्रपट यांत एक भेद आहे. पोथी ताडपत्रावर आठशे वर्षे टिकली. जुनी फीत नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. पुण्यात जेथे पूर्वी प्रभात कंपनीचे चित्रालय होते, त्या जागी 8 जानेवारी 2003 रोजी लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या ताब्यातील अनेक जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. मूकपटांपैकी तर अगदी मोजकेच आपल्या हाती उरले आहेत. फीत गेली, तिच्याबरोबरची जाहिरातपत्रे गेली, हिशेबाच्या वह्या गेल्या, आणि ज्या साप्ताहिकांतून परीक्षणे येत त्यांचे अंकही रद्दीत गेले. मग तळटीप देणार कोठून? आपल्या जुन्या पटांवरील लेख खालच्या पायऱ्यांवर राहतात त्यात परीक्षकाचा आकस शोधणे व्यर्थ आहे. आम्ही भाच्यास म्हणालो, 'निकाल तुझ्याविरुद्ध नाही. तो आपल्या घरांतल्या माळ्यांविरुद्ध आहे.'

तो हसला नाही. कारण त्याच्या मसुद्यातील ज्या एका वाक्यावर परीक्षकाने सरळ काट मारली होती, ते वाक्य त्याने आम्हांस शेवटी दाखविले. 'तळकोकणात हा चित्रपट जत्रेतील तंबूत दाखविला जाई आणि सारा गाव तो पाहावयास लोटे.' आधार: लेखकाचे आजोबा. हे आजोबा म्हणजे आमचे वडील. त्यांस जाऊन आता सहा वर्षे झाली.

वकील म्हणून आम्ही काय सांगणार? ऐकीव पुरावा तो. मृत व्यक्तीचे विधान कायदाही काही मोजक्या प्रसंगीच स्वीकारतो, आणि लहानपणी पाहिलेल्या सिनेमाची आठवण त्यांत बसत नाही. परीक्षकाचे चुकले असे म्हणण्यास आम्हांस जागा नव्हती. पण ती काट पाहून आमच्या मनास जे वाटले ते कायद्याच्या भाषेत मांडता येण्यासारखे नव्हते, आणि त्या रात्री आम्ही दोघेही नेहमीपेक्षा कमी बोललो.

दुसऱ्या दिवशी मसुदा दुरुस्तीस घेतला. कथानक सहाशे शब्दांवर आणले. 'अजरामर', 'हृदयस्पर्शी', 'अद्वितीय' ही विशेषणे काढली. ती काढल्यावर चित्रपट लहान झाला नाही, हे भाच्यानेच कबूल केले. पुरस्काराच्या परिच्छेदात एक नाजूक चूक सापडली. 10 ऑक्टोबर 1954 रोजी जे सुवर्णपदक दिले गेले, त्या योजनेचे नाव तेव्हा 'स्टेट अवॉर्ड्स फॉर फिल्म्स' असे होते. आजचे 'राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार' हे नाव त्यामागे लावणे म्हणजे फाळक्यांस सयाजीराव विद्यापीठात पाठविण्याचाच प्रकार. शिवाय सुजय डहाके यांनी याच नावाचा दुसरा चित्रपट केला आणि 2023 सालच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. एकाच नावाचे दोन पट, दोहोंस राष्ट्राचा सन्मान, मध्ये सत्तर वर्षे. पुढे कोणी घाईत एकाचे पदक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, म्हणून त्याने वर एक स्पष्ट सूचना घातली. अत्र्यांचे दिग्दर्शन, वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा श्याम, वसंत देसाईंचे संगीत, 6 मार्च 1953 चे प्रदर्शन, या प्रत्येक बाबीस छापील आधार जोडला. आता तो लेख 'बी' पायरीपर्यंत जाण्यास हरकत नसावी, असे त्याचे मत. आमचे मत विचारले गेले नाही.

तंबूचे वाक्य मात्र बाहेरच राहिले. त्यास आधार मिळेल तो कोठे? आमचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी जोडलेले आहेत, म्हणून हे विस्ताराने लिहितो. जत्रेत देवळाच्या आवारात किंवा देवस्थानच्या जमिनीवर तंबू ठोकावयाचा, तर महाजनांची परवानगी लागे आणि जागेचे भाडे जमा होई. त्या जमाखर्चाच्या वह्या कोठेतरी असतील. वार्षिकोत्सवाच्या स्मरणिकांत जवळच्या गावच्या चित्रपटगृहाची जाहिरात असे. घरोघरच्या पेट्यांत गाण्यांच्या पुस्तिका आहेत. त्यांच्या मलपृष्ठावर मुद्रणालयाचे नाव असते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून निघाला, तर तो खरा आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. देवस्थानची पेटी यापरता योग्य ताबा कोणता? कोणी अशा वह्या पाहून, साल व पान देऊन, एखाद्या मासिकात चार पाने लिहिली, तर भाच्यासारख्या कोणाच्या तळटिपेस ती उपयोगी पडतील. कोकणीपुरते पाहिले तर गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश 2013 मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला केला आणि 2015 मध्ये कोकणी विकिपीडिया सुरू झाला. तेथे तर लिहावयाचे अजून पुष्कळच बाकी आहे.

वडिलांची आठवण अशी. आमच्या मूळ गावी, देवीच्या जत्रेत, दीपमाळेपलीकडच्या मळ्यात तंबू लागला होता. वडील तेव्हा नऊदहा वर्षांचे. ते आजीच्या मांडीशी बसून 'श्यामची आई' पाहत होते. आईच्या शेवटच्या आजारपणाचा प्रसंग चालू असता बाहेरचे इंजिन बंद पडले. अंधार झाला. कोणी उठले नाही, कोणी ओरडले नाही. बायकांचे हुंदके तेवढे ऐकू येत होते. मग गुरवाने देवळातील गॅसबत्ती आणून खांबास टांगली आणि तिच्या उजेडात सारा गाव तासभर एकमेकांची तोंडे पाहत बसून राहिला. इंजिन सुरू झाले तेव्हा चालकाने ते रीळ पहिल्यापासून पुन्हा लावले. वडील म्हणत, 'त्या रात्री श्यामची आई दोनदा गेली, आणि दुसऱ्या खेपेस आजीने माझे डोळे झाकले.' साल 1955 की 1956, याविषयी आजीचे व त्यांचे कधीच एकमत झाले नाही.

देवस्थानच्या चिटणिसांस आम्ही पत्र लिहून त्या दोन सालांच्या जत्रेच्या वह्या पाहण्याची परवानगी मागितली आहे. जुन्या वह्या भांडारगृहाच्या वरच्या फळीवर आहेत, त्यांपैकी काहींस वाळवी लागली आहे, पावसाळा सरल्यावर काढून पाहू, असे त्यांचे उत्तर आले आहे. दिवाळीनंतर भाचा आणि आम्ही गावी जाणार आहोत.